ट्रॅव्हल्सची टॅक्सी घरची गाडी म्हणून घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरला घर, नोकरी बुटीबोरीला, रोजचं येणं-जाणं पन्नासेक किलोमीटर. ओळखीचा एक ट्रॅव्हल्सवाला २०२१ ची मारुतीची डिझायर टूर एस, म्हणजे डिझायरचं टॅक्सीसाठी निघणारं मॉडेल, विकायला काढतो आहे. सीएनजी कंपनीनेच बसवलेला, मीटरवर १ लाख ४० हजार किलोमीटर, नंबरपाटी पिवळी, म्हणजे टॅक्सीची. 'पांढरी करून देतो' म्हणतो, म्हणजे खासगी. त्याच सालच्या खासगी डिझायरपेक्षा सव्वा लाख कमी सांगतो. घ्यावी का? आणि वहिनींना याच गाडीवर चालवायला शिकायचं आहे, ते चालेल का?

भाऊ, गाडी घेण्यासारखी असू शकते. पण या भावात नाही, आणि पाटी पांढरी होण्याआधी पूर्ण पैसे मोजून तर नाहीच.

मी नागपुरात गॅरेज चालवतो. जुनी गाडी घेण्याआधी तपासून द्या म्हणणारे लोक नेहमी येतात आणि त्यात टॅक्सी पासिंगच्या गाड्या भरपूर असतात. भाड्याने चालली म्हणून गाडी टाकाऊ, हे मला पटत नाही. तिने कुठलं भाडं मारलं, कोणाच्या हाती मारलं आणि हे तुम्हाला खरं सांगितलं जातंय का, यावर सगळं ठरतं.

आधी भावाचं बघू, कारण तिथेच तुमची तुलना चुकते आहे. २०२१ साली खासगी गिऱ्हाइकाला मिळणारी डिझायर ही २०१७ मध्ये आलेल्या नव्या बांध्याची होती. टूर एस मात्र तेव्हाही आधीच्या पिढीच्या बांध्यावरच निघत होती. तिचा बांधा बदलला तो २०२३ मध्ये. म्हणजे साल एक असलं तरी गाडी एक नाही. तुम्ही तीन-चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस हे बोट ठेवून सांगेल. म्हणून तुलना खासगी डिझायरशी नको, दुसऱ्या टूर एसशी करा. दुसरी गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा उपकरही गेला. नव्या गाडीची शोरूमची किंमत त्यामुळे साधारण आठ टक्क्यांनी उतरली. जुन्या बाजारातले अनेक विक्रेते अजून आधीच्या हिशेबानेच भाव सांगतात. नव्याचा भाव आज काय आहे ते शोरूममधून लिहून आणा आणि मगच जुन्याची घासाघीस करा.

आता १ लाख ४० हजारांचं. लोक हा आकडा ऐकून घाबरतात किंवा दलालाचं 'हायवे रनिंग आहे' ऐकून निर्धास्त होतात. दोन्ही घाईचं आहे. इंजिन किती तास फिरलं ते पाहायला हवं. सरासरी ताशी ६० ने हायवेवर चाललेली गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर सुमारे २,३०० तासांत पूर्ण करते. तीच सीताबर्डी, सदर, धरमपेठ अशी शहरात ताशी २० च्या सरासरीने चालली असेल तर ७,००० तास होतात. मीटरचा आकडा तोच, पण इंजिन तिप्पट झिजलेलं. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा ड्रायव्हर एसी लावून उभ्या गाडीत बसतो, विमानतळाबाहेर, हॉटेलाखाली, लग्नाच्या लॉनपुढे. ते तास मीटरवर येतच नाहीत.

म्हणून ट्रॅव्हल्सवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: ही कुठे लावली होती? मिहान किंवा बुटीबोरीच्या कंपनीला स्टाफच्या पिकअपला असेल तर रस्ता ठरलेला, बहुतेक वेळा ड्रायव्हरही ठरलेला, आणि कंपनीचा तपास असल्यामुळे कागद वेळेवर. अशा गाड्या मला आवडतात. फक्त तीन शिफ्टला तीन ड्रायव्हर असतील तर क्लच लवकर जातो. टूरची गाडी, म्हणजे शिर्डी, शेगाव, ताडोबा, पेंच करणारी, किलोमीटर खूप दाखवते पण आतून बरी निघते. जंगलात जिप्सी फिरते, ही गेटाबाहेर झाडाखाली उभी असते. ॲपवर शहरात चाललेली गाडी सगळ्यात जपून तपासा. तिथे बहुतेक वेळा मालक आणि ड्रायव्हर एकच, हप्ता डोक्यावर, आणि हप्त्याच्या ताणात सर्वात आधी पुढे ढकललं जातं ते सर्व्हिसिंग. त्या माणसाचा दोष नाही, पण गाडी ते सोसते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, सेल्फ-ड्राइव्हची गाडी मात्र मी घरासाठी सुचवत नाही. रोज नवा चालवणारा, आणि गाडी आपली नाही म्हणून खड्डा आला तरी ब्रेकवर पाय न जाणारा. धुऊनपुसून चकाचक असते, पण खालून पाहिलं की कळतं.

तुमच्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. टॅक्सी पासिंगच्या गाडीला ताशी ८० चा वेगमर्यादक बसवलेला असतो. तो कोणी काढला नसेल तर समृद्धीवर खासगी गाड्या १२० ने जात असताना ही निमूट डावीकडून गेलेली आहे. इंजिनाला ते मानवतं. वेगमर्यादकाची तार तोडलेली किंवा त्याला वगळून जोडलेली दिसली, तर ती गाडी कोणीतरी पिळून काढली आहे असं समजा.

खरी फसगत पिवळ्या पाटीत नसतेच. ती तर कपाळावर लिहून फिरते. फसगत होते ती पांढऱ्या पाटीवर चोरून भाडं मारलेल्या गाडीत. 'सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी' म्हणून विकतात आणि ती तीन वर्षं लग्नसराई, स्टेशन, रामटेक करत असते. तुम्ही दुसरीकडे खासगी गाडी पाहायला गेलात तर हे ध्यानात ठेवा. सर्व्हिसच्या नोंदी मागा: मारुतीची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला येते, घरच्या गाडीला वर्षात एखादी पडते, भाड्याच्या गाडीला दोन-दोन महिन्यांत. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. रोज एकाच टोलवर दोनदा नाव येत असेल तर कारण विचारा. मागच्या डाव्या दाराकडे पाहा. घरच्या गाडीत ड्रायव्हरचं दार सर्वात सैल असतं, भाड्याच्या गाडीत मागचं डावं दारही तितकंच सैल झालेलं असतं, त्याच्या काचेचं बटण गुळगुळीत असतं आणि त्या सीटचा फोम दबलेला असतो. सीट कव्हर काढूनच पाहा, नवं कव्हर असेल तर हमखास काढा. पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावर लाल पॅनिक बटणाची भोकं बुजवलेली दिसली तर ती गाडी आधी टॅक्सी होती. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ते बटण आणि ट्रॅकर सक्तीचे आहेत.

आता तुमची गाडी तपासायला जाल तेव्हा. सकाळी जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवली आहे. त्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू होताना जे आवाज करतं ते गरम झाल्यावर लपतात. या इंजिनाला टायमिंग चेन असते, पट्टा नाही. थंड इंजिनात दोन-चार सेकंद खळखळ झाली आणि ऑइलचा दाब आल्यावर थांबली तर चालतं, सुरूच राहिली तर चेन आणि टेन्शनरचं काम आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही.

कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडा. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. तपकिरी, गंजट दिसलं तर उन्हाळाभर नळाचं पाणी टाकून गाडी हाकली आहे. नागपूरच्या उन्हात टॅक्सीचं इंजिन मरतं ते बहुतेक याच रस्त्याने: रेडिएटर आतून तुंबतो, एकदा गाडी तापते, इंजिनाच्या वरच्या भागाचं, म्हणजे हेडचं, गॅस्केट जातं, कुठेतरी स्वस्तात हेड घासून बसवतात आणि गाडी विकायला निघते. हेडच्या कडेला ताजं सीलंट, नटांवर पान्याच्या खुणा दिसल्या तर बिल मागा. बिल नसेल तर पुढे पाहायची गरज नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून पाहा. धूर भकाभका वर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

सीएनजीचं वेगळं. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठका पेट्रोलपेक्षा लवकर झिजतात. म्हणून या गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो त्याची तपासणी, करून घ्याच. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एक जरी बराच खाली असेल तर हेड उघडायचा खर्च तुमच्या कपाळी. दुसरं, टॅक्सीवाले पेट्रोल जेमतेम ठेवतात. टाकी कायम कोरडी राहिली की पेट्रोलचा पंप गरम होऊन कमजोर होतो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. चाचणी अर्धी गॅसवर आणि अर्धी पेट्रोलवर करा. आणि डिकीतल्या गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. २०२१ च्या गाडीची एक तरी होऊन गेलेली असली पाहिजे. प्रमाणपत्र नाही म्हणाला तर तो खर्च आणि खटाटोप त्याने करायचा.

चालवून पाहायला सपाट वर्धा रोड पुरत नाही. सेमिनरी हिल्सच्या चढावर न्या, मध्येच थांबवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला. आरपीएम वर जातो पण गाडी पुढे सरकत नाही, असं झालं तर क्लच संपला. मग सिमेंट रोडवरून खिडक्या उघड्या ठेवून चाळीसने चालवा. आपल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे सस्पेन्शनची सगळी चहाडी करतात: लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, मागचे शॉकअप. टॅक्सीत हे संपलेलं असतंच, त्याचा मला राग नाही. ते भावातून वजा झालं पाहिजे एवढंच. एसी दुपारी दोन वाजता तपासा, उभ्या गाडीत, पंधरा मिनिटं. सकाळच्या गारव्यात कुठलाही कॉम्प्रेसर चांगलाच वाटतो.

एक नागपूरचीच तपासणी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीला पूर आला, तेव्हा अंबाझरी लेआउटपासून मोर भवनच्या बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या अनेक गाड्या वाळवून, साफ करून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या भागावर मातीची रेघ असेल तर ती गाडी पाण्यात गेली होती. सीटखालच्या रुळांवर गंज पाहा, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ पाहा. विम्याचा जुना दावा त्या आठवड्यातला आहे का, तेही विचारा. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिच्या वायरिंगला उत्तर नाही.

कागदांचं काम इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे आणि तुमच्या व्यवहारात तर जास्तच, कारण 'पांढरी करून देतो' या तीन शब्दांत बरंच काही लपतं. पाटी रंगवून पांढरी होत नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, आज 'मोटर कॅब' आहे, ते 'मोटर कार' व्हावं लागतं. त्यासाठी आधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा, मग परमिट परत करायचं, थकलेला कर आणि ई-चलान भरायचे, मग टॅक्सीतून खासगीत रूपांतर. त्यात कराचा फरक भरावा लागतो. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर एकरकमी आणि किमतीच्या टक्क्यांत असतो. नव्या गाडीला १० लाखांपर्यंत पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के, सीएनजीला त्याहून कमी. गाडीच्या वयानुसार तो घटतो, पण रक्कम डोळ्यांत भरण्याएवढी असते. ती कोण भरणार, हे आज, बयाणा देण्याआधी, कागदावर लिहून घ्या. २०२१ च्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी आहे. नवी पांढरी पाटी आरसी बदलल्यावर अधिकृत केंद्रातूनच मिळते. चौकातल्या दुकानातून लावून आणलेली पांढरी पाटी म्हणजे पहिल्याच नाकाबंदीला तुमची गाडी आत.

गाडीचा नंबर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर स्वतः टाकून पाहा: फिटनेस, कर, विमा, परमिट आणि कोणत्या बँकेचा बोजा हे सगळं दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवरही पाहा. टॅक्सीवर चलान साचलेले असतात. नंबर एमएच-३१, ४९ की ४० आहे तेही लक्षात घ्या, म्हणजे काम शहर, पूर्व की ग्रामीण, कुठल्या आरटीओत होणार ते कळेल. बाहेरच्या जिल्ह्याचा नंबर असेल तर हेलपाटे वाढतात.

रूपांतर झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर मालकी तुमच्या नावे. विम्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत. टॅक्सीची पॉलिसी पुढे ओढू नका, खासगी गाडीचीच घ्या. आणि त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. 'नावावर करू सावकाश, चालवायला सुरू करा' असं कोणी म्हणालं तर चावी घेऊ नका. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नाव दुसऱ्याचं, चालवणारे तुम्ही आणि पॉलिसी टॅक्सीची, अशा स्थितीत काही झालं तर विमा कंपनी, तो आणि तुम्ही तिघं वर्षानुवर्षं कोर्टात दिसाल. कर्ज काढणार असाल तर बँकेला आधीच आरसी दाखवा. टॅक्सीतून बदललेल्या गाडीला अनेक बँका हात आखडता घेतात.

तर माझा हिशेब असा. त्याने सांगितलेल्या भावातून टूर एस आणि खासगी डिझायर यांच्या बांध्यातला फरक वजा करा. रूपांतराचा कर आणि खर्च वजा करा. चार टायर, क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि एसीचं किरकोळ काम धरून साठ-सत्तर हजार वेगळे ठेवा. १ लाख ४० हजार चाललेल्या गाडीला हे पहिल्या वर्षात लागतंच. टायर जुने आहेत की नाही ते बाजूच्या चार आकड्यांवरून कळेल, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. हे सगळं जोडलं की तुमचे सव्वा लाख जागेवर संपतात, आणि तुम्ही खासगी गाडीच्या भावात जुन्या बांध्याची टॅक्सी घेतलेली असते. म्हणून फरक किमान दुप्पट हवा, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. कंपनीच्या पिकअपची गाडी निघाली, सर्व्हिसच्या नोंदी सलग निघाल्या, कॉम्प्रेशन सारखं आलं आणि तो या भावाला उतरला, तर बिनधास्त घ्या. रोजच्या पन्नास किलोमीटरला सीएनजीची सेदान चांगली आहे आणि हे इंजिन सांभाळलं तर दोन लाखांच्या पुढेही तुम्हाला साथ देईल. पैसे दोन टप्प्यांत द्या. आरसीवर 'मोटर कार' आणि तुमचं नाव दिसेपर्यंत चौथाई तरी हातात ठेवा. तो नाही म्हणाला तर सोडून द्या, नागपुरात अशा गाड्या दर आठवड्याला निघतात.

वहिनींच्या शिकण्याचं. जरूर शिकू द्या, लांबीला आटोपशीर गाडी आहे. मात्र एक पाहून घ्या. पुढच्या डाव्या सीटची एअरबॅग आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना सक्तीची व्हायला २०२१ च्या अखेरपर्यंत मुदत होती, त्यामुळे त्या सालच्या गाडीत ती असेलच असं धरू नका. डॅशबोर्डवर डावीकडे खूण आहे का ते पाहा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढला आहे, म्हणजे गाडी ठोकलेली असू शकते. आणि क्लच घसरत नसेल, नुसता जड झाला असेल, तर लगेच बदलू नका. शिकताना नवा क्लचही जळतो. वहिनींचा हात बसला की मग प्रेशर प्लेट आणि बेअरिंगसकट पूर्ण संच टाका.